कुलूप कोणी तोडलं, हात कोणाचा गेला

लंडनहून शिकून आलेला मुलगा गावातल्या बंद देवळापाशी उभा आहे. सोबत मैत्रीण आहे, तिला देऊळ आतून बघायचंय. दाराला कुलूप. ते कुलूप साधं नाही, दोन घरांच्या भांडणातून लागलेलं आहे आणि म्हणूनच इतकी वर्षं कोणी त्याला हात लावलेला नाही. मुलाला हे सगळं पोरकट वाटतं. बरोबर आलेला घरचा गडी बिचकतो, पण धाकट्या मालकाचा शब्द मोडणार कसा? कुलूप तुटतं. बातमी पलीकडच्या घरी पोचते, दोन्हीकडची माणसं हत्यारं काढतात आणि त्या गड्याचा हात तोडला जातो. मालकाचा मुलगा मात्र धडधाकट असतो.

'तेवर मगन' या तमिळ चित्रपटातली ही पहिली मोठी घटना. चित्रपट 1992 च्या दिवाळीत, 25 ऑक्टोबरला लागला. त्याबद्दल बोलताना लोक बाप-लेकाच्या नात्याबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. कमल हासन आणि शिवाजी गणेशन समोरासमोर बसलेत म्हटल्यावर दुसरं काय बोलणार? पण मी हा चित्रपट जितक्या वेळा पाहिला, तितक्या वेळा माझं लक्ष त्या गड्याकडे गेलं. त्याचं नाव इसक्की. काम केलंय वडिवेलूने. पुढे तमिळ विनोदाचा बादशहा झालेला हा नट तेव्हा नवखाच होता.

म्हणून या प्रकरणात मी एकच गोष्ट तपासणार आहे. घराण्याच्या नात्यांपायी सक्तिवेल नावाचा हा मुलगा जे जे करतो, त्याचा भुर्दंड कोणाच्या खिशातून जातो?

भावकी

कथा मराठी वाचकाला समजावून सांगायला दोन शब्द पुरतात, भावकी आणि गावकी. गावचा मोठा माणूस पेरिय तेवर, म्हणजे थोरला तेवर. त्याचा सावत्र भाऊ चिन्न तेवर, धाकटा. दोघांत जुनं वैर. धाकट्याचा मुलगा माया तेवर (नासर) हे वैर बापापेक्षाही इमानाने पुढे नेतो. गाव दोन्हीकडे वाटलेलं. थोरल्याचा मोठा मुलगा दारूत बुडालेला, त्यामुळे सगळ्यांचे डोळे धाकट्याकडे, सक्तीकडे. आणि सक्ती येतो तो मानेवर रुळणारे केस, अंगात शहरी कपडे आणि सोबत भानू नावाची तेलुगू मुलगी (गौतमी) घेऊन. त्याला शहरात हॉटेलांचा धंदा काढायचाय. गाव त्याच्या लेखी चार दिवसांच्या मुक्कामापुरतं आहे.

आपल्याकडे अशी घरं प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी सापडतात. बांधावरून बोलणं बंद, लग्नाच्या पत्रिका एकमेकांना जात नाहीत, मयतीला तेवढे येतात आणि तेही लांब उभे राहतात. चित्रपटातलं वैर याच जातीचं आहे, फक्त इथे प्रत्येकाच्या घरात धार लावलेला अरुवाळ आहे, म्हणजे त्यांच्याकडचा कोयता. आणि दोन्ही घरांच्या शब्दाखातर तो उपसायला तयार असलेली माणसं आहेत. सक्तीला हे माहीत आहे, पण तो ते विसरलाय. माहीत असून विसरणं ही शहरात गेलेल्याची खास सवय, माझीही.

इसक्की दवाखान्यात पडलेला असताना सक्ती त्याला भेटायला जातो, तो प्रसंग नीट पाहावा. इसक्की रडत नाही, तक्रार करत नाही. उलट मालकालाच धीर देतो. एकच अडचण आहे म्हणतो, आता ज्या हाताने खायचं त्याच हाताने धुवायचं. थिएटरात या वाक्यावर लोक हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे. लिहिणाऱ्याने, म्हणजे स्वतः कमल हासनने, इथे इसक्कीच्या तोंडी एखादं मालकनिष्ठेचं भाषण घातलं असतं तर प्रसंग तिथेच मेला असता. एक हात गेल्यावर माणसाच्या रोजच्या जगण्यात नेमकं काय बिघडतं, तेवढंच तो सांगतो, आणि सक्तीला मान वर करता येत नाही.

इथे सक्तीवर पहिल्यांदा नात्याचं ओझं येतं. पण ते बापाच्या नात्याचं नाही, गड्याच्या नात्याचं आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण चित्रपट पुढे हळूहळू हे विसरतो.

बाप थांबवत नाही

सक्ती ठरवतो की इथून निघायचं. बापाला तसं सांगायला जातो. बाहेर पाऊस, आत दोघंच. तमिळ घरांतून हा प्रसंग आजही संवादांसकट पाठ असलेली माणसं भेटतात.

यात गंमत अशी की बाप मुलाला कुठेच 'जाऊ नकोस' म्हणून आज्ञा करत नाही. मुलगा 'अय्या' म्हणतो, म्हणजे आदराने, उभा राहून बोलतो, आणि आपलं म्हणणं मांडतो: ही माणसं रानटी आहेत, यांच्यात राहून माझी हयात वाया जाईल. म्हातारा चिडत नाही. तो म्हणतो ते साधारण असं: ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं हातात घेतली, त्यांना एकाएकी ती टाक म्हटलं तर कसं टाकतील? येतील हळूहळू. मुलगा म्हणतो, इतक्या हळू की तोवर मी मरून जाईन. आणि मग शिवाजी गणेशनचा तो आवाज येतो: मर की. उद्या मीही मरेन. सगळेच मरतात. पण ते मरण चार माणसांच्या उपयोगी पडलं पाहिजे. बी आज टाकलं आणि आजच फळ हातात, असं होत नाही. मी पेरीन, तू खाशील, तुझा मुलगा खाईल, ते बघायला मी नसेन, पण बी मी टाकलेलं असेल.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला या बोलण्यात नवीन काही नाही. आंब्याचं कलम लावणारा प्रत्येक आजा हे बोलतो. तरी प्रसंग अंगावर येतो, त्याचं कारण संवादांपेक्षा नटांत आहे. शिवाजी गणेशन तेव्हा 64 वर्षांचे, आणि त्यांची ख्याती होती ती घसा फोडून, डोळे वटारून, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या अभिनयाची. इथे ते जवळजवळ पुटपुटतात. खांदे पडलेले, हात जागेवर. त्यांच्यासमोर उभा असलेला मुलगा म्हणजे त्यांच्यानंतरच्या पिढीचा मोठा नट, आणि तोही मागे सरून ऐकण्याचं काम करतो.

जाता जाता एक मराठी धागा. 'शिवाजी' हे त्यांचं जन्माचं नाव नव्हे. तरुणपणी द्रविड चळवळीतले नेते सी. एन. अण्णादुराई यांच्या नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली, ती पाहून त्याच चळवळीचे पुढारी पेरियार रामसामी यांनी त्यांना शिवाजी म्हटलं आणि तेच नाव जन्मभर चिकटलं. त्या नाटकाचा विषय होता राज्याभिषेकाला झालेला विरोध, म्हणजे राजाच्या जातीचा प्रश्न. तेवर हेही जातीचंच नाव, म्हणून 'तेवर मगन'चा विचार करताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

या चित्रपटासाठी परीक्षकांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार जाहीर केला. त्यांनी तो घेतला नाही.

रस्ता आणि लग्न

सक्ती निघायच्या बेतात असतानाच रात्री बंधारा फोडला जातो, पाणी वस्तीत शिरतं, माणसं-लेकरं जातात. पंचायत बसते. थोरल्या तेवरला माहीत आहे हे कोणाचं काम, पण पुरावा नाही. माया भर पंचायतीत काकाला नाही नाही ते बोलतो. म्हातारा अपमान गिळून घरी येतो आणि त्या धक्क्यातून उठत नाही. सक्ती केस कापतो, मिशीला पीळ देतो, पांढरी वेष्टी नेसतो. मायाच्या नाकावर टिच्चून गादीवर बसलेला हा नवा तेवर पाहून थिएटरात शिट्ट्या पडायच्या. मला मात्र तिथे दरवेळी थोडं वाईट वाटतं. बापाच्या कपड्यांत मुलगा इतका चपखल बसतो, की लंडन धुवून निघायला एक दृश्यही पुरतं.

आता खरं प्रकरण. मायाने आपल्या जमिनीतून जाणारा रस्ता कुंपण घालून अडवलाय. गावकऱ्यांना लांबचा वळसा पडतो. महाराष्ट्रात असं झालं तर माणूस 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज टाकतो, वहिवाट सिद्ध करतो, तहसीलदार जागेवर येऊन पंचनामा करतो. नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. वर्षं जातात, वकील गब्बर होतो, पण हात-पाय शाबूत राहतात. तामिळनाडूतही महसूल खातं आहेच. चित्रपटात मात्र रस्त्यासाठी कोणी सरकारी पायरी चढत नाही. रस्ता म्हणजे मान, आणि मान मिळवायचा तो मोठ्या घराच्या शब्दावर.

सक्तीचा शब्द असा: शेजारच्या दुसऱ्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीतून वाट द्यावी. तो शेतकरी मायाला भितो, घरात लग्नाची मुलगी आहे. सक्ती म्हणतो, तुझ्या मुलीचं लग्न मी चांगल्या ठिकाणी लावून देतो. मांडव पडतो. ऐन लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा मायाच्या भीतीने पळून जातो. मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणजे काय हे गावात वेगळं सांगावं लागत नाही. आणि सक्ती, भानूला शब्द दिलेला सक्ती, त्या पंचवर्णमच्या (रेवती) गळ्यात स्वतः ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधतो.

हे कुलपाचंच दुसरं रूप आहे. हेतू चांगला. गावाला वाट मिळते. पंचवर्णमची अब्रू वाचते. पण तिला कोणी विचारलं का? भानूला कोणी विचारलं का? एका रस्त्याच्या बदल्यात दोन बायकांची आयुष्यं ठरवली गेली आणि ठरवणारा मात्र त्यागमूर्ती ठरला. चित्रपट हे लपवत नाही, हे त्याचं मोठेपण. भानू परत आल्यावरचे प्रसंग ताणलेले, अवघडलेले आहेत. तिच्या जाण्यात रडारड नाही, राग आहे आणि समजूतही.

आणि पंचवर्णमची पहिली रात्र! नवरा तिला गायला सांगतो. ती इतकी घाबरलीय की आवाजच फुटत नाही. ती म्हणते, नुसता वाराच येतोय. मग हळूहळू, वाद्यांशिवाय, सूर सापडतो. संगीतकार इळैयराजांची ही चाल अगदी साधी आहे, पोरीबाळींनी शेतात गुणगुणावी अशी. एस. जानकी यांना या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रेवतीला सहायक अभिनेत्रीचा. शिवाय सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट आणि ध्वनिमुद्रण. जिचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं, तिचं स्वतःचं म्हणून चित्रपटात काय आहे, तर ते अडखळत उमटणारे हे सूर.

दिग्दर्शक भरतन हे मूळचे मल्याळी आणि चित्रकलेतून आलेले. छायाचित्रण पी. सी. श्रीराम यांचं. म्हणून असेल, पण या चित्रपटात मारामारीपेक्षा घराचे खांब, ओसरीवरचा उजेड, ओली माती जास्त लक्षात राहते.

शेवट

माया देवीच्या उत्सवात स्फोट घडवतो, माणसं मरतात, तो लपतो, सक्ती त्याला शोधतो, झटापटीत मायाचं मुंडकं उडतं. इथवर नेहमीचा मारधाडीचा मार्ग आहे आणि त्यावर वेगळं लिहावं असं फार नाही.

पुढचं मात्र आहे. रक्ताने माखलेला सक्ती बाहेर येतो. गावकरी पुढे सरसावतात: खून आम्ही केला म्हणून सांगतो, तुम्ही जाऊ नका. आता इथे थांबून पहिल्या प्रसंगाकडे परत या. तेव्हा मालकाच्या कृत्यासाठी गड्याचा हात गेला. आता मालकाच्या कृत्यासाठी कोणाही गावकऱ्याचं आयुष्य तुरुंगात जाऊ शकतं, आणि यावेळी ते आपणहून द्यायला तयार आहेत. सक्ती नाही म्हणतो. ओरडतो त्यांच्यावर: पुरे झालं, जा, पोरांना शिकवा. मग पोलिसांसोबत रेल्वेने निघून जातो. चित्रपट सुरू झाला तेव्हा तो असाच रेल्वेने आला होता.

संपूर्ण चित्रपटात सक्तीच्या कृत्याची किंमत सक्तीने स्वतः मोजली, असं पहिल्यांदाच होतं. माझ्या मते नाट्य इथे पुरं होतं. बापाने सांगितलं होतं की मरण चार जणांच्या उपयोगी पडावं. मुलाने त्याचा अर्थ लावला की निदान शिक्षा तरी दुसऱ्याला भोगायला लावू नये.

चित्रपट संपल्यावर

मी ही कथा आधी हिंदीत पाहिली. प्रियदर्शनचा 'विरासत', 1997. अनिल कपूर, तब्बू, अमरीश पुरी. मायाच्या जागी आपला मिलिंद गुणाजी, आणि त्याने तो बळी ठाकूर असा काही थंडपणे रंगवलाय की नासरची आठवण काढायची गरज पडत नाही. पंचवर्णमच्या गाण्याची चाल हिंदीतही ठेवली, 'पायलें छुनमुन', आणि गंमत म्हणजे त्यासाठी के. एस. चित्रांना पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकच चाल, दोन भाषा, दोन गायिका, दोन पुरस्कार.

पण हिंदीत येताना एक गोष्ट गळाली, ती म्हणजे नाव. विरासत म्हणजे वारसा, तो कोणाचाही असू शकतो. 'तेवर मगन' म्हणजे तेवराचा मुलगा, आणि तेवर हे कळ्ळर, मरवर आणि अगमुडैयार या समाजांना मिळून वापरलं जाणारं नाव. मूळ चित्रपटात थोरल्या तेवराच्या घराचं गुणगान करणारं एक गाणं आहे, 'पोट्रिप् पाडडी पेण्णे'. शेवटचं 'पोरांना शिकवा' लोकांनी थिएटरात सोडलं आणि हे गाणं घरी नेलं. ते समाजाच्या मिरवणुकांत वाजू लागलं.

दक्षिण तामिळनाडूत ते दशक काय होतं, हे एका उदाहरणावरून कळेल. 1997 साली सरकारने एका नव्या एसटी महामंडळाला सुंदरलिंगम या दलित वीराचं नाव दिलं. त्या बसमध्ये बसणार नाही म्हणून आंदोलनं झाली, दंगली पेटल्या, आणि शेवटी सरकारला सगळ्याच महामंडळांची आणि जिल्ह्यांची नेत्यांवरून दिलेली नावं काढून टाकावी लागली. जिथे बसच्या पाटीवरून माणसं मरतात तिथे चित्रपटाचं शीर्षक हे नुसतं शीर्षक राहत नाही. कमल हासनने हिंसेविरुद्ध चित्रपट काढला यात मला शंका नाही. पण तो काढताना ज्या मिशीला पीळ दिला, ती मिशी लोकांनी उचलली. हा दोष पूर्ण त्याचा म्हणता येत नाही, आणि पूर्ण प्रेक्षकांचाही नाही.

आणि इसक्की?

दिग्दर्शक मारी सेल्वराज तिरुनेलवेलीकडचे, दलित कुटुंबातून आलेले. 'तेवर मगन' पाहून त्यांना सक्ती नव्हे, इसक्की छळत राहिला. त्या गड्यात त्यांना स्वतःचा बाप दिसत होता. 2023 साली त्यांनी 'मामन्नन' काढला आणि त्याच्या संगीत प्रकाशनाच्या कार्यक्रमात, कमल हासन समोर बसलेले असताना, हे उघड बोलून दाखवलं: 'तेवर मगन'मधला इसक्की म्हणजेच हा मामन्नन. मुख्य भूमिका दिली वडिवेलूलाच. 31 वर्षांनी तोच नट, आता एक हात गमावलेला गडी नाही, तर आमदार.

पण आमदार होऊनही मामन्नन वरच्या जातीच्या पुढाऱ्याच्या घरी गेला की उभाच असतो. त्याला तशीच सवय आहे, त्यात त्याला काही वावगंही वाटत नाही. एकदा मुलगा सोबत येतो, बाप उभा आहे हे बघतो, आणि त्याला म्हणतो, अप्पा, खुर्चीत बसा.